काबरी खुडूक बसली

इस्त्रीच्या शर्टांच्या पाटीत हात घातला आणि कुंडलिकच्या अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी कचकन चावलं. विंचू, असंच त्याला आधी वाटलं. सकाळचे साडेसात वाजलेले, अंगात बनियन, एका गालाला पावडर लागलेली आणि दुसऱ्याला लागायची राहिलेली, अशा अवस्थेत तो खाटेपाशी उकिडवा बसला होता. हात झटकून त्याने बाहेर काढला तर अंगठ्याच्या मांसल भागावर रक्ताचे दोन थेंब उभे राहिले होते. मग खाटेखालच्या अंधारातून घोगरा, लांबवलेला आवाज आला, एखाद्या म्हातारीने घसा खाकरून शिवी द्यायच्या आधी काढावा तसा. तो वाकला. रंभाची काबरी कोंबडी पिसं फुलवून, दुप्पट होऊन, त्याच्या आठवड्याच्या शर्टांवर बसली होती. पोटाखालची पिसं तिने स्वतःच उपटून निळ्या रेघांच्या शर्टावर अंथरली होती आणि एका डोळ्याने ती त्याच्याकडे बघत होती. त्या डोळ्यात भीती म्हणून नव्हती. कुंडलिकला सगळ्यात जास्त राग आला तो त्याचाच. कोपरच्या या बैठ्या चाळीत कडेची खोली, मागे खाडीच्या बाजूला हातभर परस, भाडं त्याचं, खाट त्याची, शर्ट त्याचे, आणि त्याला घाबरायचं नाही असं त्या घरात एक कोंबडी ठरवते म्हणजे काय?

"ताई! ही काय घाण आणून ठेवलीस माझ्या कपड्यांत?"

रंभा मोरीतून पदराला हात पुसत आली. त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, उंच, हाडांची, केस पुढून पांढरे झालेली. तिने त्याच्या अंगठ्याकडे बघितलंही नाही. खाटेखाली वाकून बघितलं आणि हसली. ते हसणंही त्याने मनात नोंदवून ठेवलं.

"खुडूक झालीय, अंडी उबवायला बसलीय. कालपासनं दाण्याला येत नव्हती, तवाच मला वाटलेलं."

"मग उठव तिला. नाकात पीस घाल, बादलीत बुडव, काय करायचं ते कर. संध्याकाळी मी आलो की मला ती तिथे दिसता कामा नये."

"तिथं नाय दिसणार. पाटीत बसवणार हाय मी तिला, परसात. तेरा अंडी जमलीत."

"कशाला आणखी? दोन आणल्यास, पाच झाल्या. चाळीतले लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच."

रंभा खाली बसली. कोंबडीच्या पोटाखाली तिने हात सरकवला, आणि काबरी तिला चावली नाही, नुसती कुरकुरली. "मोहने गावची मनूबाई हाय ना, मासळी घेऊन येते ती. तिच्या घरामागं पडवी रिकामी हाय, मोठं आंगण हाय. ती बोलली, एक वीण काढून आण नि इथंच रहा. गावठी अंड्याला कल्याणात मरण नाय. पिल्लं निघाली, अंगाला पिसं धरायला लागली, की मी जाते."

"कुठे जातेस?"

"सांगितलं ना. मोहन्याला."

"कायमची?"

"मग काय रजा काढून?"

"जा की," कुंडलिक म्हणाला, "मी काय धरून ठेवलंय?" आणि खाटेवरचा कालचाच शर्ट उचलून त्याने अंगात घातला. बटणं लावताना अंगठ्याचं रक्त तिसऱ्या बटणाला लागलं. ते धुवायला पाणी मागावं असं त्याला वाटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

ठाण्याच्या सरकारी कचेरीत, रेकॉर्डच्या खोलीत, तो दिवसभर फायलींवर शिक्के मारत होता आणि प्रत्येक शिक्क्याला अंगठा ठणकत होता. शेजारच्या सुधीरने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा पत्रा लागला म्हणून सांगितलं. खोटं बोलायला कुंडलिकला वेळ लागत नसे. शेवंती, त्याची बायको, नाशिकला भावाकडे गेली ती आईच्या आजारपणासाठी, असं त्याने तीन वर्षांपूर्वी सुधीरला सांगितलं होतं, आणि ती आई कचेरीच्या हिशेबी अजून अंथरुणालाच खिळलेली होती. प्रत्यक्षात शेवंतीची आई ठणठणीत होती आणि शेवंतीने पोस्टकार्डावर चारच ओळी लिहिल्या होत्या, त्यातली शेवटची होती, 'तुमच्या घरात माणूस मोठ्याने श्वास घेऊ शकत नाही.' ते कार्ड त्याने फाडलं, पण फाडायच्या आधी पाठ झालं होतं. मग वर्षभराने रंभा आली. नवरा मेला, दिराने घर बळकावलं, आणि ती एक ट्रंक आणि काखेत दोन कोंबड्या घेऊन दारात उभी राहिली. त्याने तिला घरात घेतलं. हे तो स्वतःला वरचेवर सांगत असे, मी तिला घरात घेतलं, कोण घेतं आजकाल बहिणीला, आणि सांगताना त्याची छाती जराशी पुढे येई. दोन वर्षं गरम भाकरी मिळत होती, आंघोळीचं पाणी तापलेलं असे, संध्याकाळी घराला कुलूप नसे. आता ती म्हणते जाते. वर तोंड करून म्हणते. शिक्क्याची शाई संपली तरी तो मारत राहिला, आणि दुपारी केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की आपण चिडलेलो नाही आहोत, घाबरलेलो आहोत. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, आणि पुढे काय? या पुढे-कायपाशी तो दोन्ही पाय रोवून उभा राहिला आणि पुन्हा चिडला. चिडणं त्याला बरं जमत असे.

आई असं काही होऊच द्यायची नाही. मुरबाडकडच्या त्या गावात, एका खोलीच्या घरात, खुडूक कोंबडी म्हणजे अंडं बंद, आणि अंडं बंद म्हणजे मीठमिरची बंद. वर्षातून एखादीला बसवायची, बाकीच्यांना उठवायची. कोंबडीच्याच पंखातलं एक लांब पीस उपटायचं आणि चोचीवरच्या दोन भोकांतून आरपार घालायचं, की झालं. मिशी फुटल्यासारखी दिसे कोंबडी. दिवसभर डोकं झटकत, पायाने चोच खाजवत ती अंगणभर हिंडायची, आणि त्या नादात बसायचं विसरून जायची. तेवढ्यानेही नाही ऐकलं तर पाण्याच्या डोणीत पोटापर्यंत बुडवायची, पोटातली ऊब निवाली की खूळ उतरतं, असं आई म्हणायची. पंख धरायचं काम कुंडलिकचं. त्याला ते फार चांगलं जमायचं. दोन्ही पंख मागे एकत्र करून मुठीत धरले की कोंबडीचं सगळं बळ आपल्या हातात येतं, तिचं काळीज बोटांना लागतं, आणि ती कितीही ओरडली तरी आपण हलायचं नाही. शाळेत त्याला कोणी विचारत नसे. त्या मुठीत मात्र तो कोणीतरी असायचा.

काबरीला अंड्यांवर बसवलं ते गुरुवारी, दिवे लागायच्या सुमाराला. कुंडलिक मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता, बघायचं नाही असं ठरवून. परसात पपईच्या झाडाजवळ रंभाने जुन्या पत्र्याचं छप्पर करून खाली बांबूची पसरट पाटी ठेवली होती. पाटीत तळाला राख, उवा होऊ नयेत म्हणून. वर पेंढा, मुठीने गोल खळगा केलेला. एकेक अंडं तिने कानाशी हलवून बघितलं, एकेकावर कोळशाने उभी रेघ ओढली, कारण दुसऱ्या कोंबड्या मध्येच येऊन ताजी अंडी घालून जातात आणि मग जुनं-नवं कळत नाही. तेरा रेघा. शेवटी पेंढ्याखाली तिने एक गंजका खिळा खुपसला.

"आता हे कशाला?" त्याला राहवलं नाही.

"गडगडलं तर अंडी विरजू नयेत म्हणून. आय ठेवायची."

"आपण हे सगळं सोडलं ना ताई? दर रविवारी विहारात जातेस, वंदना घेतेस, आणि इथे खिळे ठेवतेस."

"खिळा कुठल्या धर्माचा असतो रे?" ती मागे न बघता म्हणाली. "नि तू काय काय सोडलंस ते मला नको सांगू."

काय काय म्हणजे? कप हातात तसाच राहिला. रंभाने काबरीला पाटीत सोडलं. काबरीने एकदा पाटीभोवती फेरी मारली, चोचीने तीन-चार अंडी आत ओढली, आणि पाय दुमडून हळूहळू त्यांच्यावर उतरली. अंगाखालून एक अंडं दिसत होतं तेही तिने पंखाने झाकून घेतलं. आता एकवीस दिवस ती दिवसातून एकदाच उठणार, पाणी, दाणे, आणि परत. रंभा तिच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते कुंडलिकने त्या तोंडावर वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ती खूश होती. त्याच्या घरात, त्याच्या परसात बसून, त्याला सोडून जायच्या तयारीत ती खूश होती. "एकवीस दिवस," ती काबरीला म्हणाली, "मग आपण दोघी सुटलो." चहा निवला होता. त्याने तो पपईच्या बुडात ओतून टाकला, आणि तपकिरी पाणी मातीत जिरताना बघत असताना त्याला ते सुचलं.

रविवारी सकाळी रंभा पांढरं लुगडं नेसून विहारात गेली, तेव्हा कुंडलिकने स्टोव्ह पेटवून पातेलंभर चहाचं पाणी काळंकुट्ट उकळलं. आदल्या दिवशी त्याने स्टेशनजवळच्या दुकानातून पोल्ट्रीची तेरा अंडी आणली होती, बारीक बघून द्या म्हणून. दुकानदार म्हणाला होता, सगळे मोठी मागतात, तुम्ही पहिलेच. पांढरीफटक अंडी चहात बुडवून गावठी म्हणून विकतात हे त्याला कचेरीतल्या गप्पांतून माहीत होतं. कोंबड्याचं तोंड न बघितलेली, कारखान्यातून निघावीत तशी निघालेली अंडी. एकवीस दिवस काय, एकवीस वर्षं उबवली तरी त्यांतून काही निघायचं नाही. ती त्याने चहातून काढून फडक्यावर वाळवली. मग कोळसा घेऊन एकेकावर उभी रेघ ओढली. वीस वर्षं रेकॉर्डच्या नकला केलेला हात. रंभाची रेघ वरून जाड आणि खाली निसटती असे, तशीच त्याने ओढली, तेराही. काम नीट झालं म्हणून त्याला बरंही वाटलं.

काबरीला उठवायला मात्र घाम फुटला. हात पुढे गेला की चोच येत होती. शेवटी त्याने हाताला टॉवेल गुंडाळून तिला वरून दाबली, दुसरा हात पोटाखाली घातला आणि उचलली, तर पाटी तिच्याबरोबर उचलली गेली. नख्या पेंढ्यात आणि पेंढ्याखालच्या बांबूत रुतल्या होत्या. पोटाखाली इतकं ऊन होतं की त्याने दचकून हात मागे घेतला, मग परत घातला. एकेक नखी सोडवावी लागली. एक सोडवून दुसरीकडे जावं तर पहिली परत रुतलेली. आणि उकिडवं बसून, दात ओठांवर रोवून, त्या खवलेदार बोटांशी झटताना त्याला एकदम कळलं की हे आपण पूर्वी केलेलं आहे. तेव्हा युक्ती सापडली होती. बारक्या बोटापासून सुरुवात करायची. करंगळीत जोर नसतो. ती सुटली की शेजारचं सुटतं, मग तिसरं, आणि मग नुसता अंगठा काही धरून ठेवू शकत नाही.

एकाहत्तर साल. तो अठरा वर्षांचा, मॅट्रिकला, मार्चमध्ये परीक्षा. रंभा पाचवा महिना लागलेला असताना सासरहून, शहापूरच्या पलीकडून, चालत आली होती. पाठीवर वळ होते, ते आईने हळद लावताना त्याने बघितले. परत जाणार नाही म्हणाली आणि भाताच्या कणगीमागे अंधारात जाऊन बसली, ती पंधरा दिवस तिथेच. जेवायला तेवढी उठायची. एका खोलीत कणगी, चूल, आई, ती आणि तो. ती रडत नसे, पण झोपेत बोलायची, नको नको म्हणायची, आणि त्याची भूमिती पुढे सरकायची नाही. एका संध्याकाळी आई खुराड्याशी कोंबड्या कोंडत असताना तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला होता आणि दबक्या आवाजात म्हणाला होता, "ती घरात असली तर माझा अभ्यास होत नाही. नापास झालो तर मग मला बोलू नकोस." आईने खुराड्याची फळी लावली, तिच्यावर दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रंभाला सांगितलं, "लेकीनं माहेरी किती दिवस बसायचं? लोकं बोलतात." लोकं म्हणाली ती, मुलाचं नाव घेतलं नाही. पोचवायला त्यालाच जायचं होतं. रंभाने घराची मधली मेढ, छप्पर पेलणारा खांब, दोन्ही हातांनी धरली. आई तोंड फिरवून चुलीशी बसली, आणि त्याने बहिणीची बोटं सोडवली. करंगळीपासून. एस.टी.त ती खिडकीशी बसली आणि उतरेपर्यंत बाहेर बघत राहिली. सातव्या महिन्यात तिला पोर झालं ते मेलेलंच. मुलगी होती. पत्र आलं तेव्हा निकालही लागला होता, तो पहिल्या वर्गात आला होता, आणि आई पेढ्यांचा पुडा हातात धरून दारातच बसून राहिली होती. ताईला वाटतं आईने घालवलं. आई गेली, आता सांगणारं कोणी नाही. गेली वीस वर्षं तो या एका गोष्टीवर निवांत झोपत आला होता.

काबरी सुटली. तिला टोपलीखाली डालून त्याने अंडी बदलली आणि तिला परत सोडली. ती आली, चहात भिजलेली अंडी चोचीने आत ओढली, आणि उतरली. तिला काही कळलं नाही. मूर्ख जनावर, तो मोठ्याने म्हणाला. मग तो उठून आत गेला आणि पातेलं दोनदा घासलं.

काबरीखालून काढलेली तेरा अंडी त्याने रुमालात बांधून सोमवारी जेवणाच्या पिशवीतून कचेरीत नेली. वाया कशाला घालवायची, असा सरळ विचार होता. कँटीनच्या शिवरामला दोन काढून दिली, ऑम्लेट कर म्हणाला. शिवरामने पहिलं अंडं बशीत फोडलं आणि थांबला. पिवळ्या बलकावर एक लाल ठिपका होता, त्यातून केसासारख्या लाल रेघा चहूकडे पसरल्या होत्या. आणि ठिपका, कुंडलिकला तसं दिसलं तरी, हलल्यासारखा झाला.

"साहेब, ही बसवलेली अंडी आहेत," शिवराम म्हणाला. "कोंबडीखालून काढलीत कोणीतरी."

"दुकानातून आणली मी."

"दुकानातून अशी नाय येत." त्याने कुंडलिकच्या हातातल्या रुमालाकडे बघितलं, मग तोंडाकडे. "मी नाय करणार. पोरंबाळंवाला माणूस आहे मी."

संध्याकाळी घरी जाताना कुंडलिक स्टेशनवरून थेट खाडीकडे गेला. उरलेली अकरा आणि शिवरामने न फोडता परत दिलेलं एक, एकेक करून चिखलात टाकली. ओहोटी होती. ती बुडाली नाहीत. चिखलावर पडून राहिली, काळ्या रेघा वर करून, आणि तो पाठ फिरवून निघाला तरी बराच वेळ त्याला ती दिसत होती.

पुढच्या गुरुवारी तो घरी आला तेव्हा मागच्या दारात दिवा लागलेला होता. रंभा पुठ्ठ्याची नळी करून एकेक अंडं बल्बसमोर धरून बघत होती. सातव्या दिवशी बघतात, आत जाळं धरलं की नाही ते. आईपण बघायची, चिमणीपुढे. हे तो कसा विसरला? नकलेत एवढा दक्ष राहिलेला माणूस ही एवढी मोठी गोष्ट विसरला होता. चप्पल पायातच ठेवून तो उभा राहिला. रंभाने एक अंडं बघितलं, ठेवलं. दुसरं बघितलं. तिसरं नाकाशी नेलं आणि हुंगलं. मग सगळी परत काबरीखाली सरकवली, दिवा काढला.

"काय?" त्याने विचारलं. "आहेत ना बरी?"

"बरी हायेत," ती म्हणाली. "हातपाय धू. चहा टाकते."

तो चहा त्याला पिववेना. काळाकुट्ट, तोंड आवळून टाकणारा. त्या दिवसापासून रोज तसाच. कडक झाला का, एवढं ती रोज विचारायची, आणि तो रोज म्हणायचा, नाही, ठीक आहे. तिला कळलंय, असं त्याला वाटायचं. मग वाटायचं, कळलं असतं तर बोलली असती, रंभा काय गप्प बसणारी आहे? आणि मग कणगीमागचे ते पंधरा दिवस आठवायचे. दिवा लावून अंडी बघितली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ती मोहन्याला मनूबाईकडे जाऊन आली आणि पोटाशी कापडी पिशवी धरून, पाय जपून टाकत, उंबरठा ओलांडून थेट मागे परसात गेली. काय आणलंस, त्याने विचारलं. वाल, ती म्हणाली. परसात पाय टाकायचं कुंडलिकने बंद केलं होतं. काबरीचा तो घोगरा आवाज आला की तो मागचं दार लोटून घ्यायचा.

एकविसावा दिवस आला आणि गेला. काही झालं नाही. कुंडलिक त्या दिवशी कचेरीतून लवकर आला होता. काय बघायला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. रंभा तांदूळ निवडत होती. बाविसावा गेला. पंचविसाव्या दिवशी त्याला राहवेना. आपण जिंकलो हे त्याला कळत होतं, आणि जिंकल्यावर माणूस उदार होतो तसा तो झाला.

"ताई, उठव आता तिला. नाही व्हायचं काही. होतं असं कधीकधी. आणि तुला इथे काय कमी आहे? मी कधी काही बोललोय का? राहा की इथेच."

"बसू दे तिला."

"अगं, मरेल ती. पाणीसुद्धा पीत नाही धड. नाकात पीस घालू का मी?"

रंभाने सूप खाली ठेवलं. "तिला हात लावलास," ती अगदी शांतपणे म्हणाली, "तर ते पीस तुझ्या नाकात घालीन मी, कुंडलिक. बसू दे. खुडूक बसलेलीला उठवत नसतात."

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी तो दाढी करत होता. मागून आवाज आला. काबरीचा, पण घोगरा नव्हे. बारीक, गळ्यातल्या गळ्यात, कोणाशीतरी बोलल्यासारखा. आणि त्याला उत्तर आलं. चिवचिव म्हणावी इतकीही मोठी नाही अशी एक फट पडली शांततेला. गालावर साबण तसाच ठेवून कुंडलिक परसात गेला. रंभा पाटीशी बसली होती. काबरीच्या पंखातून एक ओलं, काळपट डोकं बाहेर आलं होतं, आणि त्याच्या मागून दुसरं. पेंढ्यावर कवचाचे तुकडे पडले होते. एकावर कोळशाचं वर्तुळ होतं. वर्तुळ. त्याने रेघ ओढली होती. तो त्या तुकड्याकडे बघत राहिला, आणि शुक्रवार, ती पिशवी, ते वाल, सगळं एका जागी येऊन बसलं.

"अकरा निघाली," रंभा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते त्याच्यासाठी नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं तेव्हा तिचा चेहरा परत कोरडा झाला. "मनूबाईनं दिलेली चौदा. तुझी तेरा मी पपईखाली पुरलीत. खणू नकोस, वास येईल."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. साबण तोंडात गेला. पुढे तीन आठवडे दोघं त्या खोलीत एकमेकांना न लागता वावरले. ती भाकरी वाढायची, तो खायचा. पिल्लं काबरीमागून परसभर पळायची, तांदळाच्या कण्या टिपायची, घार दिसली की काबरीच्या एका आवाजासरशी पोटाखाली गडप व्हायची. तो मागच्या दारात उभा राहून ते बघायचा. एकदा त्याने कण्यांची मूठ टाकली तर काबरी पंख पसरून त्याच्या पायावर धावून आली. तिने ओळखून ठेवलं होतं. त्या घरात सगळ्यांनी सगळं ओळखून ठेवलं होतं, आणि फसवलं जात होतं ते फक्त त्याला एकट्याला, त्याच्याचकडून. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एक वाक्य तयार होत होतं. ते 'ताई, जाऊ नकोस' एवढंच होतं. पण ते बाहेर पडायला निघालं की त्याचं 'स्टोव्हला रॉकेल नाही' असं काहीतरी व्हायचं.

रविवारी मनूबाईने रिक्षा पाठवली. बोळाच्या तोंडाशी ती उभी राहिली. रंभाने ट्रंक स्वतः नेऊन ठेवली, बाकीच्या कोंबड्या पाय बांधून पायाशी ठेवल्या, आणि शेवटी काबरीची पाटी उचलली, पिल्लांसकट, वर साडीचं जुनेर बांधलेली. आत चिवचिवाट चालला होता. कुंडलिक पुढे झाला. "दे, मी ठेवतो," म्हणाला आणि पाटीचा काठ धरला. रंभा रिक्षात बसली, मांडीवर पाटी घेतली. त्याने काठ सोडला नाही. रिक्षावाल्याने किक मारली. तरी सोडला नाही.

"सोड, कुंडलिक."

त्याला सोडायचंच होतं. बोटं ऐकत नव्हती. जुनेराखाली काबरी घोगरं गुरगुरली, बांबूच्या फटीतून तिची ऊब त्याच्या बोटांना लागली, आणि ते वाक्य, इतक्या दिवसांचं, घशापर्यंत आलं. "ताई," तो म्हणाला.

रंभा बाहेर वाकली. इतकी जवळ की तिच्या केसांतलं खोबरेल त्याला लागलं.

"खुराड्याशी बोलला होतास तू," ती म्हणाली. "कणगीमागं ऐकू येतं सगळं. घर रिकामं करून देते आता. अभ्यास कर."

आणि तिने त्याचा हात हातात घेतला, आणि करंगळीपासून सुरुवात केली.